गेली न्हवं, निघाली

मी एक जुनी बर्फाची पेटी हाय. अंगानं पांढरी, झाकनाला निळी कड, आन् एक कडी तुटलेली. ती तारंनं बांधलीया. मित्रांनो, मला बगून तुमी म्हनाल, हिच्यात कुल्फी ठेवत असतील. तसं न्हाई. एका मान्सानं जाताजाता दुसऱ्याला दिलेलं काळीज, किडनी माझ्या पोटात बसून परवास करतं.

कारखान्यात माझ्या दोन भिंतींच्या मधी फोम भरला, त्यानं गारवा टिकतो. सांगलीच्या एका दवाखान्यानं मला घेतली आन् कपाटावर टाकली. लय दिवस कुनी इचारलं न्हाई. मग वॉर्डबॉय लालासाहेबानं मला पुतनीच्या लग्नाला नेली आन् पोटात ताकाच्या पिशव्या भरल्या. मनानं चांगला गडी, पन अक्कल वाईच उशिरा पोचती. ताक संपल्यावर माझ्यावर दोन जाडजूड पाव्हनं बसलं. कडी तवाच तुटली.

तेवढ्यात अवयवदानाचं काम बगायला रूपालीताई आल्या. कुनाचा फोन कवा वाजंल, कुनी कुठं पळायचं, कोनती गाडी राखून ठेवायची, समदं त्यांच्या डोक्यात. मला त्यांनी धुवून घेतली, तार बांधली आन् लालासाहेबाला म्हनल्या, "पुन्हा हिच्यात ताक दिसलं, तर तुमालाच हिच्यात बसवीन."

"मावनार न्हाई वो मी, ताई," लालासाहेब म्हनाला.

त्या दिसापास्नं त्यो ऑनकॉल झाला. ऑनकॉल म्हंजी जेवायला बसायचं, पन एक कान फोनकडं. ताईंचे तर दोनी कान फोनकडं. त्यांचा चहा कवा गरम पिलेला मी बगितला न्हाई.

आता त्यो दिवस सांगते. ऊसतोडीचे दिवस हुते. कडेगावच्या बनुबाईंचा ल्योक वीरधवल, फौजेतनं सुट्टीवर आलेला, मोटरसायकलवरनं पडला. डोक्याला मार. मशीनवर छाती हालत हुती, पन मेंदू कायमचा बंद पडला हुता. डाक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं. रूपालीताई बनुबाईंच्या शेजारी बाकड्यावर बसल्या. ल्योकाचे अवयव देता का, ते हळू इचारलं. मग बनुबाई म्हनल्या, "न्या. पन येक सांगते ताई, वाया घालवू नगा. आमच्या घरात उष्टं सुदिक वाया जात न्हाई."

"न्हाई जाऊ देनार," ताई म्हनल्या.

त्यो शबूद त्यांनी दिला, आन् त्यो वाहायचा मी. एक किडनी पुन्याला जायची हुती. तिथं एक आजारी मानूस दवाखान्यात तयार हुतं. कोन, ते कुनाला सांगत न्हाईत. किडनी बर्फात घातली, माझं झाकन लावलं, तार पिळली. गाडी कृष्णात चालवनार, तोबी कडेगावचाच. मागं मला धरून लालासाहेब.

कऱ्हाड मागं पडलं. उंब्रजच्या अलीकडं गाडी थांबली. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरसकट रस्त्यात उलटलेली. मोळ्याच मोळ्या, पलीकडचं काय दिसंना. पोलीस शिट्ट्या फुंकत हुते, पन ऊस कुठं शिट्टी ऐकतो? माझ्या पोटात बर्फ वितळायला लागला हुता, मला कळत हुतं.

पन ताईंनी उंब्रजला दुसरी गाडी राखून ठेवलेली, शिवतेजची; ती पलीकडं यिऊन उभी हुती. कृष्णात आन् लालासाहेबानं मला दोनी बाजूनं उचलली आन् उसावरनं चालाय लागले. पाय घसरत हुते. येक जन ओरडला, "कुनाच्या लग्नाचं आइस्क्रीम रं?"

लालासाहेबानं मान वर केली न्हाई. "आइस्क्रीम न्हाई, गड्या. कुनाचा तरी जीव हाय. मोळी बाजूला घे."

बापय, बाया, ट्रॅक्टरवाले, समदे मोळ्या वढाय लागले. वाट झाली. मी शिवतेजच्या गाडीत बसले, लालासाहेब संगं. कृष्णात मागं राह्यला. आन् लालासाहेबाचा फोनबी मागंच, कृष्णातच्या गाडीत चार्जिंगला.

इथनं पुढचं मला मागनं कळलं. पुन्याच्या दवाखान्यातनं कृष्णातला फोन आला. "पेटी कुठंय?" कृष्णातला धाप लागलेली. त्यो म्हनाला, "पेटी गेली, साहेब." आन् फोन गाडीत टाकून ट्रॅक्टरखाली अडकलेल्या ड्रायव्हरला काढाय पळाला.

दवाखान्यात 'गेली' म्हनल्यावर काय समजतात, तुमाला ठाऊक हाय. पुन्याहून ताईंना फोन. "तुमचा माणूस म्हणतोय पेटी गेली. अपघात झालाय का? पेशंटला आत घेतलंय. भूल द्यायची की परत पाठवायचं? आत्ता सांगा."

ताईंनी कृष्णातला लावला. उचलंना. लालासाहेबाला लावला. उचलंना. शिवतेजला लावला. त्योबी उचलंना, कारन स्टेरिंगवर फोन उचलायचा न्हाई, हा नियम ताईंचाच. माझ्या आन् शिवतेजच्या मधी काच, वर भोंगा. फोन पुढं थरथरत हुता, आन् आमाला पत्ता न्हाई.

बनुबाई लेकाचा पंचनामा व्हायची वाट बगत त्याच बाकड्यावर हुत्या. त्यांनी ताईंचं तोंड बगितलं. "काय झालं? खरं सांगा."

ताईंना खोटं बोलता आलं न्हाई. "पेटी गेली म्हणतायत, मावशी."

"कोन म्हनतंय?"

"ड्रायव्हर. कृष्णात."

"आमच्या कडेगावचा?"

"व्हय."

बनुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ताई, आमच्याकडं ऊस गेला की आमी पेढं वाटतो. ऊस गेला म्हंजी फडातनं निघाला, कारखान्याला लागला. वाया गेला असता, तर त्यो 'घात झाला' म्हनला असता. गेली म्हंजी निघाली."

त्या बाईंच्या एका शबदावर भूल द्यायची? चुकलं तर पुन्यातलं मानूस उगाच भुलंत जानार. त्यांनी पुन्याला फोन लावला. "तयारी मोडू नका. भूल थांबवा, पेशंट तिथंच ठेवा. पेटी वाटेत आहे, असं मी धरून चाललीये. खात्री करून सांगते."

मग नुसती वाट बगनं. ताई बाकड्यावर बसल्या, आन् बनुबाईंनी त्यांचा हात धरला. कुनी कुनाचा धरायचा, ते उलटंच झालं.

साताऱ्याच्या पुढं टोलनाक्याला गाडी हळू झाली. लालासाहेबानं खिसा चाचपला, फोन न्हाई. काच वाजवून शिवतेजचा मागून घेतला आन् उघडून बगतोय तर ताईंच्या फोनांचा ढीग.

"ताई, लालासाहेब बोलतोय. सातारा सोडलं."

"पेटी?"

"पेटी ही काय, माझ्या मांडीला लागून."

ताई बाकड्यावरनं उठल्याच. मग म्हनल्या, "बर्फ?"

"हाय की. झाकन उघडलं न्हाई, भिऊ नगा. आत खडे वाजत्यात."

पुन्यात भूल दिली. मी पोचले, मला दोघांनी पळत आत नेली.

इकडं सांगलीत वीरधवलला गाडीत ठेवला हुता. ताईंनी बनुबाईंना सांगितलं, "मावशी, किडनी बसवतायत तिकडं. वाया गेली न्हाई."

बनुबाई गाडीत चढता चढता थांबल्या. म्हनल्या, "मग आता माझा ल्योक गेला म्हनू नगा. निघाला म्हना."

तवापास्नं आमच्या ऑनकॉलमदी 'गेली' ह्यो शबूद बंद हाय. कृष्णात सुदिक आता म्हनतो, "पेटी निघाली, ताई." आन् चुकून 'गेली' निघालं, तर सोताच जीभ चावतो.

मित्रांनो, मी म्हातारी झाले. माझ्यात ताक ठेवू नगा, माझ्यावर बसू नगा. अशा येळंला अवयव द्यायचे का न्हाई, ते घरी बसून एकदा बोलून ठेवा. रडत रडत ठरवनं लय अवघड असतं. आन् रस्त्यात भोंगा ऐकू आला, तर गाडी कडंला घ्या. माझ्या पोटात कुनाचं तरी लेकरू निघालेलं असतं.