आर्डिथचं काम संपलेलं नाही

फोन वाजला तेव्हा लेस्टर व्होगलने सवयीप्रमाणे आधी पेन्सिल उचलली. उद्या सेटवर किती वाजता पोचायचं, हे कळवायला शूटिंगवाले रोज फोन करत. बाकीच्या नटांना निरोप मोबाइलवर जायचा. त्याची बायको आर्डिथ मोबाइल बाळगत नसे, म्हणून तिच्यासाठी घरचा फोन वाजायचा आणि वेळ लिहून घ्यायचं काम लग्नापासून लेस्टरचंच होतं. पण तो फोन यायचा संध्याकाळी. आत्ता भरदुपार होती, आणि तो शेगडीवर घेवडा शिजत ठेवून उभा होता.

“मिस्टर व्होगल,” पलीकडची मुलगी म्हणाली आणि थांबली.

“बोल पोरी. उद्या किती वाजता?”

पलीकडून रडणं ऐकू आलं. लेस्टरने पेन्सिल खाली ठेवली.

लॉस एंजलिसबाहेर लँकेस्टरच्या वाळवंटात शूटिंग चाललं होतं. दोन शॉट्सच्या मध्ये आर्डिथ कूम्ब्स, “जरा पाठ टेकते,” म्हणून आपल्या गाडीत गेली ती उठलीच नाही. लेस्टर दवाखान्यात पोचला तेव्हा तिच्या तोंडावर मेकअप तसाच होता आणि पायांत सिनेमातल्या बाईचे झिजलेले बूट होते. कुणी काढले नव्हते. त्याने ते काढले, काखेत मारले आणि घरी आणून दाराशी ठेवले. कपडेपटातली बाई दारापर्यंत मागे आली होती, पण तिला बूट मागायचा धीर झाला नाही.

घेवडा करपून भांड्याला चिकटला होता. ते भांडं त्याने फेकून दिलं.

दफन झालं. शेजाऱ्यांनी झाकलेल्या थाळ्यांतून जेवण आणून दिलं, आठवडाभर पुरेल एवढं. मग एका सकाळी निर्माता ब्रेनेमन आला. चाळिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, हातात महागातली फुलं. लेस्टरने त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी दिली. फुलं ओट्यावर पडून राहिली.

“तिचा एकच सीन राहिलाय,” ब्रेनेमन म्हणाला. “शेवटचा.”

लेस्टरला तो सीन पाठ होता. आर्डिथ वाळवंटातला एक पेट्रोल पंप चालवणारी म्हातारी झाली होती. भांडून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी परत येतो आणि दार वाजवतो. ती दार उघडते, त्याच्याकडे बघते आणि म्हणते, “आलास? मग दार लाव. धूळ आत येतेय.” सिनेमा तिथे संपतो.

“तो सीन आम्ही यंत्राकडून करून घेऊ,” ब्रेनेमन सांगू लागला. “तिचा चेहरा आमच्याकडे आहे. आवाज आहे. इतकं बेमालूम होतं की तुम्हालासुद्धा ओळखू येणार नाही.”

“मला? चाळीस वर्षं तिचं घोरणं ऐकलंय मी, पोरा.”

ब्रेनेमन हसला. लेस्टर हसला नाही.

“तिच्या जागी आता फक्त तुमची परवानगी हवी. तिच्या करारात ती एक अट आहे ना...”

ती अट लेस्टरला ठाऊक होती. हॉलिवूडमधल्या अर्ध्या वकिलांना ठाऊक होती, आणि ते तिच्यावर हसायचे. माझ्या तोंडात दुसऱ्या कुणाचा आवाज घालायचा नाही.

ती अट अशी आली. आर्डिथ वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीच्या गावची. बाप खाणीत, आई चर्चमध्ये गाणारी. बाविसाव्या वर्षी बसने लॉस एंजलिसला आली, आणि आल्या आल्या नशिबाने तिला एका सिनेमात नायिकेच्या बहिणीचं काम मिळालं. चांगलं मोठं काम. सिनेमा तिच्या गावच्या थिएटरला लागला तेव्हा तीही गावी गेली. सगळा गाव गोळा झाला. पडद्यावर आर्डिथ आली, तोंड उघडलं, आणि आतून भलतीच बाई बोलली. गुळगुळीत, शहरी, शाळेत शिकवलेल्या आवाजात. तिची डोंगरातली बोली प्रेक्षकांना कळणार नाही, म्हणून कुणीतरी तिला न विचारता आवाज बदलून टाकला होता.

अंधारात तिची आई उठून उभी राहिली. “ही कोण बया माझ्या पोरीच्या तोंडातून बोलतेय?” तिने भर थिएटरात विचारलं. लोक हसले. आई बसली नाही. सिनेमा संपेपर्यंत उभी राहिली.

त्यानंतर आर्डिथने ती अट घातली, आणि काम मिळेनासं झालं. एक एजंट म्हणाला, “बाई, तू अजून कोण आहेस की अटी घालतेस?” ती म्हणाली, “जी कोण आहे ती मीच आहे. म्हणूनच.” त्याने तिला दार दाखवलं. ती बरबँकच्या एका खानावळीत वाढायला लागली. लेस्टर सेटवर दिवे लावायचा, आणि पहाटे तिथे अंडी खायला यायचा. कॉफी ओतता ओतता ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची.

“माझ्याशी बोलतेस?” त्याने एकदा विचारलं.

“नाही. पण बोलायला कुणीतरी समोर हवंय. वाचता येतं का तुला?”

“दिव्यांवरचे आकडे येतात.”

“चालेल. समोरच्याचं तू वाच. अभिनय करू नकोस हं, मला हसू येतं.”

तेव्हापासून तिच्या प्रत्येक सिनेमातल्या समोरच्या माणसाचं सगळं बोलणं लेस्टरने वाचलं. न्यायाधीश झाला, खुनी झाला, नवरा झाला, एकदा तर बाळंत होणारी बाईही झाला. सगळं एकाच सपाट आवाजात.

पुढे एका दिग्दर्शकाला तिची बोलीच हवी होती. तिथून रस्ता सुरू झाला. नायिका ती कधी झाली नाही. नर्स, मोटेलवाली, शेरीफची आई, खिडकीतून ओरडणारी शेजारीण. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. तुम्ही आमच्या दंतवैद्याकडे असता का?” ती म्हणायची, “हो. आ करा.”

एक रीत मात्र तिने कधी मोडू दिली नाही. एखाद्या नटाचा सिनेमातला शेवटचा शॉट झाला की सहायक दिग्दर्शक मोठ्याने त्याचं नाव घेऊन सांगतो की याचं काम संपलं, आणि सेटवरचे सगळे, दिवेवाले, सुतार, स्वयंपाकी, हातातलं टाकून टाळ्या वाजवतात. एका दिवसाचं काम असलं तरी त्या टाळ्या पडल्याशिवाय आर्डिथ भूमिकेचे कपडे उतरवत नसे. “आधी का उतरवू?” ती म्हणायची. “अजून कुणी मला सोडलेलं नाही.”

“हा दुसऱ्या कुणाचा आवाज नाही, मिस्टर व्होगल,” ब्रेनेमन म्हणत होता. “तिचाच आहे.”

“आवाज तिचा. बोलणारी कोण?”

ब्रेनेमनने कॉफीचा घोट घेतला.

“बरं, ते वाक्य ती कसं म्हणणार?” लेस्टरने विचारलं. “रागावून? रडत? की जेवायला हाक मारल्यासारखं?”

“ते... चार प्रकारे करून बघू. चांगलं वाटेल ते ठेवू.”

लेस्टरने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तो त्याच दारात उभा होता, सपाता घालून, हातात भांडी पुसायचं फडकं. तो मुलगा झाला होता. मुलाला त्या सीनमध्ये बोलायचंच नव्हतं. “तुला जमेल अशी भूमिका मिळाली एकदाची,” ती म्हणाली होती. मग तिने ते वाक्य म्हणून बघितलं. एकदा चिडून. एकदा गळा भरून. एकदा इतकं साधं की लेस्टरने खरंच मागे वळून दार लावलं. ती खो खो हसली. मग थांबली, नुसती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “हां. सापडलं.”

“कुठलं?”

“सांगणार नाही. थिएटरात बघ.”

“तिने ठरवलं होतं,” लेस्टर ब्रेनेमनला म्हणाला. “कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. तुझ्या यंत्राला सांगितलंय का?”

ब्रेनेमनने कॉफीचा कप बाजूला सारला. आता तो सरळ बोलला. “तुम्ही नाही म्हणालात तर तिचं सगळं काम कापावं लागेल. दुसरी नटी घेऊन पुन्हा शूट करू. विमावाले तेच म्हणतायत. तिचं शेवटचं काम कुणालाच दिसणार नाही. हवंय का तुम्हाला ते?”

आर्डिथने त्या म्हातारीसाठी वाळवंटात चालायचा सराव केला होता, हात तेलाने काळे करून घेतले होते. हे आपलं सगळ्यात चांगलं काम आहे असं ती म्हणाली होती. असं ती कधी म्हणत नसे.

“नाही,” तो म्हणाला. “सही करणार नाही. फुलं घेऊन जा.”

दोन दिवसांनी डॉट एब्रम्स आली. डॉट म्हणजे आर्डिथची जुनी मैत्रीण, तीही नटी. दोघी एकाच वयाच्या, एकाच भूमिकांसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या आणि बाहेर आल्यावर एकमेकींना शिव्या देणाऱ्या. ती दार न वाजवता आत आली आणि बुटांना अडखळली.

“मेल्या, हे काय वाटेत ठेवलंस! मला पण नेतोस का तिच्या मागे?”

“बस. थाळ्या उरल्यात. खाणार?”

“ट्यूना असेल तर नको. ऐक लेस्टर. ती भूमिका मला विचारलीय.”

लेस्टर बसला. त्याने याची मनाशी तयारी केली होती, तरी त्याला दोन घोट पाणी प्यावं लागलं.

“घे,” तो म्हणाला. “तुला दोन वर्षं काम नाही. तू जिवंत बाई आहेस, स्वतःच्या तोंडाने बोलशील. ती कुरकुरली नसती.”

“कुरकुरली नसती? थडग्यातून उठून तिने माझे केस उपटले असते!” डॉटने पर्स टेबलावर आदळली. “मी नाही म्हणून सांगितलंय. वर त्या ब्रेनेमनला म्हटलं, ही जागा भरलेली आहे. मग वेराला फोन केला, ग्रेटाला केला. आमच्या वयाच्या उरल्यात किती? सगळ्यांना सांगून टाकलं. त्याने सगळ्यांना विचारलं, आणि सगळ्या म्हणाल्या, जागा भरलेली आहे. एकीला तर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काम हवं होतं, ती पण तेच म्हणाली. आता करू दे त्याला एखाद्या पोरीला म्हातारीचा मेकअप.”

लेस्टरने उठून तिच्यासाठी थाळी गरम केली.

“ट्यूनाच निघाली ना?” डॉट म्हणाली. “आण. खाते.”

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी दिग्दर्शिका मारिसोलने स्वतः त्याला फोन केला. तिशीतली पोर, तिचा हा दुसराच सिनेमा. “लेस्टर, तुम्ही या,” ती म्हणाली. “लोकांना तुम्हाला भेटायचंय.”

तो गेला. वारा सुटला होता. पेट्रोल पंपाचा सेट तसाच होता, दाराची जाळी आपटत होती. जुने दिवेवाले येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. “काय म्हाताऱ्या, अजून केबलमध्ये पाय अडकतो का?” मुलाचं काम करणारा नट दाराबाहेर उभा राहिला, त्याने दार वाजवलं, कॅमेरा चालला आणि थांबला. सहायक दिग्दर्शकाने त्या नटाचं काम संपल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मग त्याने घसा साफ केला. ब्रेनेमन त्याच्या मागे हात बांधून उभा होता.

“आणि आज,” सहायक म्हणाला, “आपल्या लाडक्या आर्डिथ कूम्ब्सचं या सिनेमातलं...”

“थांब,” लेस्टर म्हणाला.

त्याचा आवाज मोठा नव्हता, पण दिवेवाले थांबले, मग सुतार, मग सगळे. हात टाळीसाठी उचललेले तसेच राहिले.

“तिचं काम संपलेलं नाही,” लेस्टर म्हणाला. “एक सीन बाकी आहे. काम बाकी असताना तिने कधी टाळ्या घेतल्या नाहीत. तुम्हीही देऊ नका.”

ब्रेनेमन पुढे आला. “मिस्टर व्होगल, ही माणसं तिचा मान राखतायत.”

“मान राखायचा तर तिचं काम संपलं म्हणू नका. आज टाळ्या वाजवल्यात की उद्या तुमचं यंत्र उरलेलं उरकायला मोकळं. तिला कुणी सोडलेलं नाही. मीही सोडत नाही.”

कुणीतरी हात खाली केले. मग सगळ्यांनी केले. त्या वाळवंटात एवढी माणसं उभी होती आणि फक्त जाळी आपटत होती.

मारिसोल ब्रेनेमनकडे वळली. “दार वाजवलं की सिनेमा संपेल,” ती म्हणाली. “तिचं बाकीचं सगळं राहील. दार उघडणार नाही.”

“हा काय शेवट झाला? लोक पैसे परत मागतील.”

“मागू देत. दुसरी बाई तुम्हाला मिळत नाहीय, आणि यंत्राने केलेला सीन मी माझ्या नावावर घेणार नाही. बघा काय ते.”

ब्रेनेमन फोन कानाला लावून आपल्या गाडीकडे गेला. मारिसोल लेस्टरजवळ आली, हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही तिच्यासमोर उभे होतात ना? कसं म्हणणार होती ती?”

“माहीत नाही,” लेस्टर म्हणाला. “सांगितलं नाही तिने.”

कपडेपटातल्या बाईने या वेळी धीर केला. बूट परत हवे होते, भाड्याचे होते. लेस्टरने तिला किंमत सांगायला सांगितली आणि देऊन टाकली. बूट अजून दाराशी आहेत. डॉट आली की अडखळते.

सिनेमा मारिसोल म्हणाली तसाच तयार झाला. त्यात म्हातारी आहे, तिची चाल आहे, काळे हात आहेत, डोंगरातली बोली आहे. शेवटी मुलगा दार वाजवतो. दार उघडून ते एक वाक्य म्हणायचं आर्डिथचं राहिलं आहे.