तुझ्या मायचं दूध

माझ्या तोंडाला कुलूप न्हाई, असं आमच्या घरातले सगळे मनतेत. खरंय त्यांचं. राग आला की मी बोलून मोकळी होते, मनात ठेवून आंबवत न्हाई. पण ही गोष्ट मी इतके महिने कुणाजवळ काढली न्हाई. आज सांगायली ते मन हलकं व्हावं मनून न्हाई. मला भेव वाटायलंय.

वालूरला आमच्या घरात आमी दोघी जावा. मी रुद्राणी, धाकटी. थोरली सत्यशीला, तिला मी अक्का मनते. मला पोरगी झाली, भक्ती. भक्ती सहा आठवड्यांची असताना अक्काला मुलगा झाला, लग्नाच्या अकराव्या वर्षी. भावजींनी गावभर पेढे वाटले. नवव्या दिवशी दूध पेता पेताच लेकरू निळं पडलं. परभणीला न्यायला गाडी काढली, पण गाडी दारातच उभी राहिली.

आमी लिंगायत, आमच्यात जाळत न्हाईत, पुरतेत. लहानग्याच्या कपाळाला इभूत लावून त्याला शेतातच, बांधाच्या कडेला ठेवतेत. अन् आमच्या भावकीत एक रीत हाय. मायनं सव्वा महिना, रोज उन्ह डोक्यावर आलं की आपलं दूध वाटीत काढून त्या जागेवर घालायचं अन् मनायचं, "घे बाळा, तुझ्या मायचं दूध." पोट भरलं की लेकरू पुढच्या वाटेला लागतं, न्हाई तर घुटमळतं.

पण अक्काला दूधच राहिलं न्हाई. लेकरू गेलं त्या दिवशीच आटलं, एक थेंब न्हाई. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. रडली न्हाई, बोलली न्हाई, पुढं ठेवलं तेवढं खायची. शेताकडं चल मनलं तर पाय पोटाशी घ्यायची.

तिसऱ्या दिवशी माझी सासू वाटी घेऊन माझ्याजवळ आली. सासूचं नाव नीलम्मा, आमी तिला आत्याबाई मनतो.

"रुद्राणी, तुला लय दूध हाय. एक वाटी दे."

"माझ्या पोरीच्या वाट्याचं?"

"तिचं पेऊन उरतंय की. तुझा पदर सारखा ओला असतोय. लेकरू उपाशी गेलं तर घराला बरं न्हाई."

"अन् त्याला कळलं मंग, माय कोण अन् चुलती कोण?"

"मातीला काय कळतंय," आत्याबाई मनली.

मला राग आला व्हता, खोटं कशाला बोलू. पण समोरच्या खोलीत अक्काची पाठ दिसायली व्हती. माझ्या मांडीवर गुटगुटीत पोरगी अन् तिच्या खोलीत रिकामा पाळणा, तोही कुणी सोडला नव्हता. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी वाटी भरून दिली.

आत्याबाईचे गुडघे गेलेले, मनून वाटी घेऊन जायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. शेत घरापासून दहा मिनिटांवर. तुरी फुलात आल्या व्हत्या, तिकडं दुपारचं कुणी नसायचं. मी बांधाजवळ बसले, दूध घातलं अन् रीतीचं बोलले, "घे बाळा, तुझ्या मायचं दूध." दुसरं काय मनणार? आमच्यात जे मनतेत तेच मनलं.

काळ्या मातीनं दूध घटकेत वढून घेतलं. वर डागसुद्धा राहिला न्हाई.

आठेक दिवस असंच चाललं. मंग एक दिवस वाटंनं जाताना, शेत अजून लांब असताना, माझ्या छातीत कळ आली. लेकरू रडलं की पान्हा फुटतो, तशी. मला वाटलं भक्ती उठली. घरी येऊन इचारलं तर आत्याबाई मनली, "ती तर मघापासून गाढ झोपलीय."

मंग रोजच तसं व्हायलं. बांधाच्या वळणावर आले की पान्हा आपोआप फुटायचा. वाटी भरून आणलेली असायची, तरी. एका दुपारी मी वाटी बाजूला ठेवली अन् कान दिला. काही ऐकू आलं न्हाई. तुरीत पाखरंसुद्धा बोलत नव्हती.

दूध घालायला लागल्यापासून बाराव्या दिवशी संध्याकाळी भक्तीला पाजायला घेतलं तर ती दोनदा वढायची अन् सोडून द्यायची, परत धरायची, परत सोडायची, अन् मंग लाल होऊन रडायली. मी दाबून बघितलं. सकाळपर्यंत ज्या छातीतून चिळकांडी उडायची, तिच्यातून दोन थेंब आले. एका दिवसात.

आमच्या गावच्या आशा सेविकेचं नाव अपेक्षा. माझ्याच वयाची, हुशार बाई. तिनं माझं सगळं इचारून घेतलं, ताप हाय का, गाठ हाय का, कसल्या गोळ्या चालू हायत. दूध काढून देते हे ऐकून ती नवलानं बघायली.

"वाटीभर काढलं मनून दूध कमी होत न्हाई ताई, उलट वाढतं. जेवढं निघतं तेवढं बनतं. तुमी तिला दर दोन तासाला छातीला लावा. पाणी प्या, झोपा. टेन्शन घेऊ नका."

"टेन्शन काय मी बाजारातून इकत आणलंय?"

ती हासली, पण काट्यावर भक्तीचं वजन बघितल्यावर तिचं हासू थांबलं. मागच्या वजनापेक्षा पाव किलोनं घटली व्हती. परभणीला लेकरांच्या डॉक्टरला दाखवा मनली.

दाखवलं. डॉक्टर चांगला व्हता, तोही हेच बोलला, अन् वरून पावडरचं दूध लिहून दिलं. भक्ती बाटली तोंडाला लावू देईना. वाटी-चमच्यानं घातलं की घटकाभरानं सगळं उलटून टाकायची. हाळिवाची खीर, शेपू, खसखस, बाजरीची भाकर, जे जे कुणी सांगितलं ते मी खाल्लं. पोरीला दिवसभर छातीला लावून बसले. सकाळी जराक दूध यायचं अन् दुपारी बारा वाजले की सगळं जायचं.

कसं जायचं ते सांगते. दूध आटलं तसं मी शेतात जायचं बंद केलं व्हतं. घरात बसलेली असायचे, भक्ती मांडीवर झोपलेली. बारा वाजले की पान्हा फुटायचा, वढ लागायची, घसा कोरडा पडायचा. पाजताना बाईला जशी तहान लागती ना, तशीच. मी चोळी चाचपायचे. चोळी कोरडी ठणक. दूध बाहेर येत नव्हतं, पण जात व्हतं. पाव तासानं छाती रिकामी. वर दोन्ही बाजूला दुखायचं, जसं कुणी हावरटावानी पेलंय.

परभणीहून आल्यावर तिसऱ्या दिवशी माझा नवरा, शिवप्रकाश, शेतातून जेवायला आला. हात धुता धुता मला मनला, "तू अजून जायलीस का बांधाकडं? मला सांगायलीस बंद केलं मनून."

"मी घरातून पाय बाहेर काढला न्हाई."

"मंग ती जागा ओली कशी? तेवढीच वीतभर. पाणी तर आपुन तिकडं सोडलंच न्हाई."

मी ताट तिथंच ठेवलं अन् आत्याबाईपुढं जाऊन उभी राहिले. तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या रीतीनं माझी पोरगी खाल्ली, मनले. आत्याबाई ऐरवी एकाला दोन बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मंग तिनं हळूच इचारलं, "तू तिथं काय मनायचीस?"

"तुमी शिकवलं तेच. घे बाळा, तुझ्या मायचं दूध."

तिनं कपाळाला हात लावला. "ते माय स्वतः दूध घेऊन गेली तर तिनं मनायचं, बाई. दुसरीनं दूध नेलेलं आमच्यात कधी घडलंच न्हाई. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आता त्याला वाटायलं असंल, हीच माझी माय."

मातीला काय कळतंय, असं हीच मनली व्हती. मी तिला ते बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी भक्तीचं वजन परत केलं. अजून घटलं व्हतं. तिचं रडणं बारीक झालं व्हतं, मांजराच्या पिल्लावानी. टाळू खोल गेली व्हती. अपेक्षानं सांगितलं, उद्याच्याला परभणीत भरती करा, सलाईन लावावं लागंल. माझ्या डोळ्यापुढं अक्काच्या खोलीतला तो रिकामा पाळणा आला. मला दुसरं काही सुचलं न्हाई.

दुपार व्हायच्या आत मी एकटी बांधाकडं गेले. खाली बसले अन् बोलले, "मी तुझी माय न्हाई. मी खोटं बोलले. मला माझी पोरगी हाय, तिला मरू देऊ नको."

बारा वाजले. त्या दिवशी इतकी वढ लागली की मी दोन्ही हातांनी छाती दाबून तिथंच आडवी झाले. लेकराला मांडीवरून ढकललं की ते आणखी घट्ट धरतं, तसंच केलं त्यानं. कसंबसं घर गाठलं अन् सरळ अक्काच्या खोलीत गेले.

"उठा अक्का."

ती भिंतीकडं बघत राहिली.

"उठा. तुमचं लेकरू माझ्या लेकराचं दूध पेयालंय."

ती वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं मला येडी मनंल, न्हाई तर अंगावर येईल. तिनं एवढंच इचारलं, "पेतंय?"

"पेतंय. रोज."

ती उठली. केस मोकळे, पायात चप्पल न्हाई. मी तिला दंड धरून नेली असं गाव मनतंय, पण खरं तर तीच पुढं चालायली व्हती अन् मी मागून पळत व्हते.

ती बांधाजवळ बसली. त्या ओल्या जागेवर तळहात ठेवला. मंग बोलली, "अरं राजा, मी हितं हाय. मी तुझी माय. ती तुझी काकू हाय, तिला सोड." अन् रडायली. लेकरू गेल्यावर तव्हा पहिल्यांदा रडली. हुंदका द्यायली अन् मी बघते तर तिच्या चोळीवर दोन डाग उमटले, अन् बघता बघता सगळी चोळी भिजली. बावीस दिवसांपूर्वी आटलेलं दूध. तिनं बटणं सोडली अन् मातीवर वाकली. मी तोंड फिरवून घेतलं.

घरी येते तर माझी छाती दगडासारखी भरून आलेली. भक्तीला लावली तर ठसकेपर्यंत पेली. पेता पेता झोपली, ओठाच्या कोपऱ्यातून दूध गळायलं. मी रडले, हासले, देवाच्या पाया पडले. भरती करायची गरज पडली न्हाई. आता ती घरभर रांगती, खाली दोन, वर दोन दात आलेत तिला.

अक्काही सावरली असं सगळे मनायलेत. येळंवर अंघोळ करती, डोळ्यात काजळ घालती, भावजींशी हासून बोलती. आत्याबाई तर मनली, रीत पुरी झाली, घराचं भलं झालं. सव्वा महिना संपला त्या दिवशी आमच्या जंगम स्वामींना जेवायला बोलावलं.

पण अक्का त्याच्यानंतरही जायलीय. रोज दुपारी. घरच्यांना वाटतंय कापूस, भाजी, काहीतरी काम असंल. ती येती तव्हा चोळी भिजलेली असती. दिवसेंदिवस वाळायलीय, गळ्याची हाडं वर आलीत, बांगड्या कोपरापर्यंत सरकतेत. मी तिच्या ताटात दोन घास जास्त वाढते. ती बिनतक्रार सगळं खाती अन् तरी वाळती.

मागं एकदा मी भक्तीला तिच्या मांडीवर दिलं. मनलं, अक्का, तुमाला एवढं दूध हाय तर हिला घ्या जराक. जितं लेकरू छातीला लागलं तर तिकडची वढ सुटंल, असं माझ्या मनात व्हतं. तिनं भक्तीचा मुका घेतला अन् माघारी दिली. "नको गं," मनली. "त्याला पुरायचं न्हाई."

मला सगळं ठाऊक हाय. माझी पोरगी वाचवायला मी अक्काला त्याच्या हवाली केलं. परत तशी येळ आली तर परत करीन, हेही सांगते. पण तिच्या तोंडाकडं मला बघवत न्हाई.

परवा आमी दोघी दारात तूर निसत बसलो व्हतो. भक्ती माझं बोट चावायली व्हती. अक्का बघत व्हती. मंग सहज, कुणी भाजीचा भाव इचारावा तसं, तिनं इचारलं, "रुद्राणी, दात कितव्या महिन्यात येतेत गं?"

"सहाव्या, सातव्या."

तिनं बोटांवर महिने मोजले. "मंग बरोबर हाय," मनली, अन् पदराआड हात नेऊन छाती चोळली. "परवापासून लय दुखायलंय."