डावं मनगट

"तुमच्या बायकोचं डावं मनगट कधी मोडलं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पोलिसांच्या कागदावरही मी तेच लिहून दिलंय."

तो कागद नऊ वर्षांपूर्वीचा. हेर्दिस, माझी बायको, बेटावर मेंढ्या बघायला गेली आणि होडी तेवढी उलटी तरंगत परत आली, तेव्हाचा. दोन वर्षांपूर्वी त्या बेटामागच्या कपारीत हाडं सापडली. डावं मनगट पूर्वी कधीतरी मोडलेलं निघालं आणि माझ्या कागदावर 'नाही' होतं, म्हणून ती हेर्दिस नव्हे असं ठरलं. दातांवरून कळलं असतं. पण नॉर्वेच्या उत्तरेला, आमच्या लोफोटेनमध्ये, त्या काळी मुलीचे सगळे दात काढून तिला लग्नात कवळी भेट देत. सासऱ्यांनीही दिली होती. ती कवळी समुद्रात गेली.

आता बाईंना एक जुना फोटो मिळाला होता. क्षयाच्या तपासणीची बोट बंदरोबंदरी यायची, तिच्यावर अठ्ठावन्न साली काढलेला हेर्दिसच्या छातीचा एक्स-रे. तो आणि सापडलेल्या हाडांचा एक्स-रे त्यांनी उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावले.

"गळ्याखालचं हे हाड बघा. हा बाक, ही खाच. दोन्हीकडे एकच. पण मनगटाचा उलगडा झाल्याशिवाय मला सही करता येत नाही. नाही झाला, तर ही हाडं इथेच शहरात बेवारस म्हणून पुरून टाकतील."

"मोडलं होतं," बोर्गिल म्हणाली. बोर्गिल माझी मेहुणी. मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसली होती.

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"त्रेसष्टचा कॉड माशांचा हंगाम. धक्क्यावर बर्फावरून घसरली ती. तूच तर तपासलंस, मोठा डॉक्टर असल्यासारखं."

"ते मुरगळलं होतं."

"मुरगळलं असं तू म्हणालास, आयलर्ट. मला ती म्हणाली, मोडलंय, पण आयलर्टला सांगू नकोस. हंगाम आहे."

हंगामात आमच्याकडे कोणी डॉक्टरकडे जात नसे. मी लोकरीची पट्टी घट्ट बांधली होती. तिसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गळांना आमिष लावत उभी होती. माझी बायको चिवट आहे, असं मी धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं होतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी बोर्गिलला विचारलं.

"मला कोणी विचारलं? कागद नवऱ्याने भरायचा असतो."

बाईंनी काचेवर मनगटाचा एक्स-रे लावला. मला त्यातलं काही कळत नाही, पण हाड वाकडं जुळलंय हे कळलं.

"कोणी बसवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आपोआप जुळलंय. गारठ्यात फार ठणकत असणार."

"किती दिवस?"

"शेवटपर्यंत."

हिवाळ्यात ती डावा हात शेगडीशी धरून बसायची. 'शेकतेस की भाजतेस?' असं मी म्हणायचो. ती हसायची आणि हात मागे घ्यायची.

त्रेसष्टचं सगळं मी बाईंना लिहून दिलं. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही हेर्दिसला घेऊन बोटीवर चढलो. पेटी लहानच होती, काखेत मावेल एवढी. एक खलाशी पुढे आला.

"पेट्या खाली मालात ठेवतात, आजोबा."

"खाली गारठा असतो," मी म्हणालो.

"पेटीला काय होतंय गारठ्याने?"

बोर्गिलने त्याच्याकडे पाहिलं. तो बाजूला झाला. मग तिने बाकावरची आपली पिशवी पायाशी ठेवली आणि बोट उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपाजवळची जागा मोकळी करून दिली.