‘नंतर’ नावाचं बटण

“वहिनीचा लॅपटॉप अगदी वहिनीसारखाच आहे. कुठंही ठेवा, कसाही वापरा, आवाज म्हणून करत नाही.”

हे वाक्य आमच्या कानांसाठी नव्हतं. बाल्कनीचं दार लोटून छोटी, म्हणजे घरातली नणंद, ते फोनवर मैत्रिणीला सांगत होती. ते दार नीट लागत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त बोलणाऱ्याला ऐन वेळी आठवत नाही. आत पलंगावर आम्ही दोघं होतो. माझी मालकीण कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी तिच्या शेजारी उघडा पडलो होतो. तिने घडी झालेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. मी माझा पंखा जरा जोरात फिरवला. आमचा निषेध तो एवढाच.

होय, मी लॅपटॉप बोलतोय. एरवी मला बोलायची मुभा नाही. ठरवून दिलेली चार वाक्यं पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायची आणि कोणी झटकलं की निमूट आत जायचं, हा माझा धर्म. आज मात्र तोंड उघडलंच आहे, तर सगळं सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला आठवत नाही. पोटाखाली त्याची चिठ्ठी चिकटवली आहे म्हणतात, पण स्वतःच्या पोटाखालचं कोणाला वाचता येतं? मला आठवते ती दुकानातली काच. तिच्याबाहेर एक मुलगी येऊन उभी राहायची, बघायची आणि जायची. एक दिवस ती आत आली आणि मला घेऊनच गेली. तिचा पहिलाच पगार झाला होता.

ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. बेडकाचं पोट, हातपंप, ज्वालामुखी, दाढ. कुठलीही वस्तू मधोमध कापून आत काय चाललंय ते दाखवायचं, हे तिचं काम. अशी माणसं बोलतात कमी आणि बघतात जास्त. तीन वर्षांची ती सगळी चित्रं तिने माझ्या पोटात एका फोल्डरमध्ये ठेवली होती. फोल्डरचं नाव होतं ‘माझं’. दुसरं नाव देण्याची तिला कधी गरज पडली नाही, कारण तोवर मला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग तिचं लग्न झालं. आणि म्हणायला हरकत नाही, माझंही झालं.

सासरी पहिल्या आठवड्यात मी ‘तिचा लॅपटॉप’ होतो. पुढे ‘वहिनीचा’ झालो आणि महिना उलटायच्या आत ‘घरातला’. घरातला झालं की मान वाढतो म्हणतात. वाढले ते फक्त माझ्यावर पडणारे हात. सासरे, म्हणजे अप्पा, कारखान्यात पर्यवेक्षक होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे देखरेख करायला माणसं उरली नव्हती, म्हणून ते माझ्यावर देखरेख करू लागले. सासूबाईंचा फोन फुलं, उगवता सूर्य आणि सुविचार यांनी तुडुंब भरला होता. तो त्यांनी एका दुपारी माझ्यात रिकामा करून घेतला. नवरा, ज्याला छोटी दादा म्हणते, त्याने जुन्या सामन्यांची चित्रणं आणून टाकली. निकाल माहीत असलेले सामने माणसं पुन्हा पुन्हा का बघतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तरी मी सगळं पोटात घातलं. पोट मात्र एकच होतं.

आणि मग घरात जहाज आलं.

छोटी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिला एक प्रकल्प करायचा होता: इतिहासातली एखादी गाजलेली घटना घेऊन संगणकावर तिचं प्रदर्शन मांडायचं. चित्रं, नकाशे, माहिती, चित्रफीत, सगळं. छोटीने टायटॅनिक निवडलं.

“बुडालेलंच कशाला निवडायचं?” सासूबाई म्हणाल्या. “एखादं पोचलेलं नव्हतं?”

“आई, पोचलेली कोणाच्या लक्षात राहतात?”

“बरोबर आहे,” दादा सोफ्यावरून म्हणाला. “मी रोज वेळेवर घरी पोचतो. आहे कोणाच्या लक्षात?”

संशोधन सुरू झालं. या घरात संशोधन म्हणजे एकामागून एक पान उघडायचं आणि एकही बंद करायचं नाही. वाचलेल्या प्रवाशांचा आकडा एका पानावर सातशे पाच, दुसऱ्यावर सातशे बारा, तिसऱ्यावर आणखी वेगळा. छोटी रडकुंडीला आली. अप्पांनी चष्मा पुसला आणि सरासरी काढायला सांगितली.

“अप्पा, माणसं आहेत ती,” छोटी म्हणाली.

“म्हणूनच. कोणा एकाच्या बाजूने झुकायचं नाही.”

“आकड्यांबद्दल मतभेद आहेत, असं खाली लिहिलं तर?” माझी मालकीण स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“सूनबाई, मिक्सर बंद करून बोल,” अप्पा म्हणाले. मिक्सर बंदच होता.

छोटीला जहाजाचं चित्र हवं होतं, आतलं सगळं दाखवणारं. ते अर्थातच मालकिणीने काढलं. दुपारी सगळे पडले की ती माझ्यासमोर बसायची आणि ते अवाढव्य जहाज मधोमध कापायची. खाली बॉयलर, त्यावर तिसऱ्या वर्गाच्या दाटीवाटीच्या खोल्या, वर गालिचे आणि झुंबरं. चार धुराडी. चौथ्यातून बॉयलरचा धूर येत नसे. ते हवा खेळती ठेवायला आणि बरंचसं रुबाबाला. छोटीने हे मोठ्याने वाचलं, तेव्हा दादा सोफ्यावर पाय पसरून विचारत होता, “मी काय करू ते सांगा, मी तयार आहे.” मालकिणीने माझ्या पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि चौथं धुराडं फार प्रेमाने रंगवलं.

प्रकल्पाच्या शेवटी श्रेयनामावली होती. संकल्पना: अप्पा. संशोधन: छोटी. तांत्रिक साहाय्य: दादा. आशीर्वाद: आई.

“वहिनीचं नाव?” दादाने विचारलं. विचारलं, हे मान्य करायला हवं.

“‘घरातील सर्व मंडळी’ आहे ना खाली,” छोटी म्हणाली. “त्यात आलीच की.”

आता माझ्या पोटदुखीबद्दल. प्रदर्शनाला प्रास्ताविक हवं, ते आपणच करायचं, असं अप्पांनी ठरवलं. माझ्या कपाळावर एक बारीक डोळा आहे. मालकिणीने त्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती. अप्पांनी ती नखाने काढली, केस विंचरले आणि माझ्यासमोर बसून बोलायला लागले. “मानवाच्या अहंकाराला समुद्राने दिलेलं उत्तर…” इतक्यात कुकरची शिट्टी झाली. पुन्हा सुरुवात. दाराची घंटा वाजली. पुन्हा. शिंक आली. पुन्हा. एकदा सगळं निर्विघ्न पार पडलं, पण अप्पांना आपली कॉलर वाकडी दिसली.

“खराब झालेली पुसून टाकू का?” छोटीने विचारलं.

“काही पुसायचं नाही. प्रत्येकात काहीतरी चांगलं आहे. कुठलं ठेवायचं ते नंतर ठरवू.”

माणसाचं बोलणं किती जड असतं, ते मला त्या दिवसांत कळलं.

मी इशारा दिला. माझ्या चार वाक्यांपैकी एक: ‘जागा संपत आली आहे.’ त्याखाली दोन बटणं असतात, ‘आत्ता पाहा’ आणि ‘नंतर’. पहिलं बटण या घरात कोणी दाबल्याचं मला स्मरत नाही. मी दुपारी सांगितलं, संध्याकाळी सांगितलं. नंतर, नंतर. मालकिणीनेही सांगितलं. “लॅपटॉप भरत आलाय,” ती जेवताना म्हणाली. “बघू,” दादा म्हणाला. माणसांच्या तोंडातलं ‘नंतर’ ते हेच. तिने पेन ड्राइव्ह मागितला, आपली चित्रं काढून ठेवायला. “आणतो म्हटलंय ना, तू कशाला जातेस?” तो रोज नवा शब्द द्यायचा आणि रोज रिकाम्या खिशाने यायचा.

तिला ती चित्रं का हवी होती, ते सांगायला हवं. या गावातल्या एका प्रकाशनाने तिला सोमवारी सकाळी भेटायला बोलावलं होतं. काम पाहू, आवडलं तर चित्रकार म्हणून घेऊ, असं कळवलं होतं. ही गोष्ट तिने फक्त दादाला सांगितली होती. तो “बघू” म्हणाला होता, त्यामुळे ती आम्हा दोघांतच राहिली.

एका संध्याकाळी छोटीने हिमनगाचा भाग वाचून दाखवला. पुढे बर्फ आहे, असे संदेश इतर जहाजांकडून दिवसभर येत होते. बिनतारी यंत्रावरचा माणूस मात्र प्रवाशांचे खासगी निरोप पाठवण्यात गुंतला होता. जवळच्या जहाजाने पुन्हा सांगितलं, तर त्यालाच गप्प बसवलं.

सासूबाई चुकचुकल्या. “इतकं सांगूनही ऐकलं नाही? काय म्हणावं अशा लोकांना.”

“शिस्त नाही,” अप्पा म्हणाले. “वेळच्या वेळी सूचना वाचायला काय जातं?”

नेमका तेव्हाच मी पुन्हा कोपऱ्यात आलो: जागा संपत आली आहे. “हे मधेमधे काय येतं, चित्र झाकलं जातं,” असं म्हणून अप्पांनी ‘नंतर’ दाबलं.

मालकीण ताटं उचलत होती. तिचे खांदे हलले. रडत असेल, असं मला वाटलं. ती हसत होती.

रविवार उजाडला. प्रकल्प संध्याकाळपर्यंत कॉलेजला पाठवायचा होता. छोटीने सगळं जोडलं, आणि मला आयुष्यात जे म्हणायची वेळ येऊ नये असं वाटत होतं, ते म्हणावं लागलं: ‘जागा शिल्लक नाही. फाइल साठवता येत नाही.’ या वाक्याखाली ‘नंतर’ नावाचं बटण नसतं.

घर माझ्याभोवती गोळा झालं.

“असं अचानक कसं झालं?” अप्पा म्हणाले.

“काहीतरी काढावं लागेल,” छोटी म्हणाली. “दादा, तुझे सामने?”

“ते परत मिळत नाहीत कुठे. आईचे सुविचार काढ.”

“माझ्या बहिणीने पाठवलेत ते,” सासूबाई म्हणाल्या. “ती विचारते, जपून ठेवलेस ना म्हणून.”

“अप्पांची प्रास्ताविकं?”

अप्पांनी फक्त घसा खाकरला. तेवढ्यानेच प्रस्ताव मागे पडला.

“हे काय आहे? ‘माझं’?” छोटीने बोट ठेवलं. “केवढं मोठं आहे.”

“सूनबाईचं असेल जुनं,” अप्पा म्हणाले. “लग्नाआधीच्या नोकरीतलं. आता काय उपयोग?”

“तिला विचारा तरी,” सासूबाई पुटपुटल्या.

“ती काही म्हणायची नाही,” छोटी म्हणाली. आणि खरंच, तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. खात्री होती.

दादा उभा राहून फोन चाळत होता. त्याला सोमवार माहीत होता. धुराडं उभं होतं, धूर नव्हता.

छोटीने कळ दाबली. मी माझ्या परीने जेवढं करता येतं तेवढं केलं. विचारलं: ‘हे कायमचं हटवायचं आहे का?’ आणि थांबलो. लॅपटॉपला ओरडता येत नाही. प्रश्न विचारून वाट बघता येते. जन्मभर मी इतक्या सावकाश कधी वाट पाहिली नव्हती.

तेवढ्यात एक ओला हात माझ्या कळांवर येऊन पडला. नियम असा की ओल्या हाताने मला शिवायचं नाही, आणि नियम करणारी माझी मालकीणच होती.

ती काय बोलली ते सांगतो आणि झाकण मिटतो. आता माझं वय झालंय. बिजागरी करकरते, एका कळेवरचं अक्षर पुसलं गेलंय, कपाळावर मात्र नवी पट्टी आहे. माझ्यासारख्याचं मागणं फार मोठं नसतं. तुमच्या घरातही कोपऱ्यात कोणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगत असेल. तुमचं चित्र झाकलं जात असेल, मान्य आहे. तरी एकदा वाचून बघा.

तर, ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण बाल्कनीचं दार बंद असतं तरी पलीकडे ऐकू गेलं असतं:

“अप्पा, ते जहाज बुडत होतं तेव्हासुद्धा बायकांना आधी होडीत बसवलं होतं. तुम्ही मला आधीच पाण्यात टाकताय. हे फोल्डर माझं आहे, लॅपटॉपही माझा आहे, आणि उद्या सकाळी तो घेऊन मी कामासाठी भेटायला जाणार आहे. छोटीचं जहाज आज संध्याकाळी वेळेवर पोचेल, ते मी बघते. तुमचं एक प्रास्ताविक ठेवते. कुठलं ते सांगा. नंतर नाही, आत्ता.”