इंजिन ओव्हरफ्लो होतंय

मैदानाचं गवत कापायचा ट्रॅक्टर सकाळपासून रुसून बसला होता. किल्ली फिरवली की घरघरायचा, खोकायचा आणि पेट्रोलचा भपकारा सोडून गप्प व्हायचा. दुपारी मैदानाचे मॅनेजर पाहणीला येणार होते आणि पुढच्या वर्षाचं गवताचं काम कुणाला द्यायचं ते ठरवणार होते. मेल्याला आजच अवदसा आठवली, म्हणत थोरल्यांनी टायरला लाथ घातली. लागलं त्यांनाच.

थोरले म्हणजे दोघा भावांतले मोठे. काम दोघांचं भागीदारीत होतं आणि धाकट्याला हाताला धरून ते शिकवलं होतं थोरल्यांनी. पण अलीकडे त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं यायचं. मैदान तोंडपाठ असल्यामुळे ट्रॅक्टर चालवणं निभायचं. बारीक काम धाकटा उरकायचा. डोळ्यांची गोष्ट त्याच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हती, थोरल्यांच्या बायकोलासुद्धा नाही.

आज नेमका धाकटा सकाळी त्यांना मैदानावर सोडून कुठेतरी गेला होता आणि त्याचा फोन बंद लागत होता.

थोरल्यांनी स्पार्क प्लग काढला. पेट्रोलनं ओलाचिंब. तो पुसून वाळवला, साचलेलं पेट्रोल उडून जावं म्हणून इंजिन तसंच फिरवलं, मग प्लग बसवला. इंजिन चार ठोके चाललं आणि पुन्हा बुडालं. प्लग परत ओला. म्हणजे कार्बोरेटर पेट्रोल अडवतच नव्हता. आता तो उघडायचा तर नजर हवी. थोरल्यांनी सरळ डोळे मिटले आणि बोटांनी काम सुरू केलं.

खालची वाटी सुळकन सुटली, तसे ते थबकले. वर्षभर न उघडलेली वाटी रबराच्या रिंगेला चिकटून बसते, ठोकल्याशिवाय हलत नाही. त्यांनी रिंगेवर बोट फिरवलं. ताजं ग्रीस होतं. रिंग बसवताना तिला ग्रीसचं बोट लावायचं हे थोरल्यांचं खूळ. बाकीचे मेकॅनिक त्यावरून त्यांना हसायचे. ते खूळ उचललं होतं एकट्या धाकट्यानं. आत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची पत्ती, सुई दाबून पेट्रोल थांबवणारी, ती पकडीनं वाकवलेली होती. केसानं गळा कापतानासुद्धा गडी शिकवलेलं विसरला नव्हता.

थोरल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चाचपून पकड उचलली. मग पत्ती सरळ केली, सगळं जोडलं, किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात चालू झालं.

तेवढ्यात मॅनेजर आले. त्यांच्याबरोबर धाकटा होता, आणि मागे दुसऱ्या ठेकेदाराचं नवंकोरं मशीन.

"झालं का सुरू?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"झालं. पत्ती वाकली होती."

"तू उघडलास? तुला तर..."

मॅनेजर खाकरले. "बंद करा ते. यानं मला काल सांगितलं सगळं. तुम्हाला नीट दिसत नाही. इथे मुलं खेळतात हो. आता कसं देऊ तुम्हाला काम?"

थोरल्यांनी इंजिन बंद केलं. मॅनेजरांचं काही चुकत नव्हतं, हेच जास्त झोंबलं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

"दादा, मला स्वतःचं काहीतरी करायचं होतं रे, म्हणून या ठेकेदाराशी भागी केली," धाकटा हळूच म्हणाला. "तू कधी सोडलंच नसतंस."

"मागितलं असतंस तर दिलं असतं."

"चल, घरी सोडतो तुला."

रोज तोच त्यांना गाडीतून आणायचा आणि न्यायचा. थोरले फाटकाबाहेर गेले. रस्त्यावर गाड्या नुसत्या रंगांचे पट्टे होऊन धावत होत्या. मागून धाकट्याची गाडी येऊन थांबली. त्यानं दार उघडलं, हाक मारली. थोरल्यांनी मान वळवली नाही. शेजारी कुणी बाई उभी होती.

"ताई, मला दिसत नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "तेवढं पलीकडे सोडता का?"