आधी गटार

"तू इथं कशी?" माळीकाकांच्या तोंडून निघून गेलं.

नगरपालिकेच्या सभागृहाच्या दाराशी गल्लीतल्या सात-आठ बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढं काकांची बायको. ठेवणीतले कपडे, चापूनचोपून बसवलेले केस.

"तुम्ही कसे?" तिनं उलट विचारलं.

काका काही बोलणार एवढ्यात शिपायानं आत बोलावलं. बायका डाव्या बाजूला बसल्या, काका उजवीकडे उद्यान खात्याच्या साहेबांशेजारी.

साहेबांनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. शहरात झाडं लावायची योजना आणि तिच्यासाठी काका रोपं वाढवायचे ती नर्सरी पुढं चालू ठेवायची, की तो निधी खालच्या वस्तीतलं फुटकं गटार बदलायला द्यायचा, हे आज ठरायचं होतं. "तुम्ही फक्त दोन शब्द बोला, काका," साहेब म्हणाले होते. "तुमच्या तोंडावर कोणी नाही म्हणणार नाही." काकांनी ते दोन शब्द चार दिवस मनात घोळवले, पण घरी सांगितले नाहीत. काय सांगायचं? वस्तीतल्या गटाराला कौल लागला की नर्सरीला कुलूप, आणि वस्ती तर आपलीच. तिनंही येणार असल्याचं सांगितलं नव्हतं, बहुधा त्याच कारणानं.

नगराध्यक्षबाईंनी आधी बायकांना बोलायला सांगितलं. काकांची बायको उठली. घरात एरवी तोंडाचा पट्टा चालायचा, पण इथं ती हळू बोलत होती.

"आमची लेक बाळंतपणाला आली होती. चेंबर तुंबलं आणि घाण पाणी घरात शिरलं. मी विटा मांडल्या, विटांवर फळी टाकली, तिला त्या फळीवरून न्हाणीघरात न्यायची. बाळाला जुलाब लागले. आता बरं आहे ते. पण लेक सासरी गेली ती गेलीच, पुन्हा राहायला आली नाही. तिचंही बरोबर आहे. आणणार तरी कुठल्या तोंडानं मी तिला?"

ती बसली. काकांनी मान खाली घातली. विटा त्यांनी पाहिल्या होत्या, पाण्यातून वाटही काढली होती. पण तो ऐन उन्हाळा होता, रोपं माना टाकत होती, ते पहाटे जायचे ते अंधार पडल्यावर परतायचे. बाळाच्या जुलाबाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. त्यांनी "डॉक्टरला दाखव" म्हटलं होतं आणि चप्पल घातली होती.

"आता माळीकाका," नगराध्यक्षबाई म्हणाल्या.

काका उठले. साहेबांनी हसून मान हलवली. घोळवलेले शब्द ओठांवर आले आणि तिथंच विरले.

"गटार करा," ते म्हणाले. "आधी गटार करा." आणि बसले.

साहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं. मागच्या बाकावरचा एक सदस्य हातात कागद घेऊन अर्धवट उठला होता. त्यानं कागदाची घडी केली आणि तोही बसला. पुढं चर्चा उरलीच नाही. हात वर झाले, ठराव झाला.

परतताना बायको झपाझप पुढं चालत होती. पुलाच्या चढावर थांबली.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं असं बोलायला?"

"तू खोटं बोललीस का?"

"मी माझं बोलले. तुम्ही तुमचं बोलायचं होतं." तिनं मागं पालिकेकडं हात केला. "तो मागचा सदस्य जिन्यात म्हणत होता, निम्मं निम्मं करायचा विचार होता त्याचा. औंदा अर्धं गटार, अर्धी नर्सरी. माळीच नको म्हणाला म्हटल्यावर तो कोणासाठी भांडेल?"

दोघं पूल ओलांडून घरी गेले.

गटाराचं काम खरोखर झालं, आणि चांगलं झालं. नर्सरीची जागा पाइप ठेवायला ठरली. काकांची बदली पाणीपुरवठ्याच्या गोदामात झाली. रोपं वन खात्याकडे न्यायला गाडी यायची होती त्या दिवशी दुपारी नर्सरीचं फाटक वाजलं. बायको उभी होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिनं या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. घरचा डबा तेवढा रोज यायचा.

ती वाफ्यांमधून हळूहळू फिरली. "हे काय?"

"शिरीष."

"आणि हे?"

"जांभूळ. हे करंज. ते कोपऱ्यातलं पिंपळाचं, आपोआप उगवलेलं."

"एवढं सगळं तुम्ही केलंत?"

"वेळ होता," काका म्हणाले.

जांभळाच्या एका रोपापाशी ती थबकली. "एखादं आपल्या दारात लावू या?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. "दारातनंच नवी लाइन गेलीय. मुळं पाइपात शिरतात."

मग तिनं कोपऱ्यातली झारी उचलली.

"असू दे," काका म्हणाले. "आता गाडी येईल."

"येऊ दे की. तहानलेली कशाला पाठवायची?"

काकांनी जाऊन तिच्यासाठी नळ सोडला.