विधवा आणि व्होडका

नारीन जिल्ह्याच्या कचेरीत अधिकारी मेलिसने विधवा बुरुलसमोर अहवाल सरकवला. ज्या गावांत विधवा जास्त, त्या गावांत व्होडका जास्त खपते, असं त्यात आलेखासकट सिद्ध झालं होतं. सबब, बालवाडीच्या स्वयंपाकघरात यापुढे विधवा नकोत. बुरुल तिथे अकरा वर्षं पोरांना रांधून घालत होती.

"मी कधी तोंडाला लावली नाही रे."

"एजे, ताईसारख्या तुम्ही मला. मी कुठे म्हणतोय? आकडे म्हणतायत."

"आमच्या गल्लीत सहा विधवा. एकीचाही नवरा म्हातारा होऊन मेला नाही. माझा बाटली पोटाशी धरून बर्फात गोठला. पीत होते ते, आम्ही नुसत्या उरलो."

"पण गावात विधवा जास्त आणि खपही जास्त, हे खरं ना?"

"खरंय. तुझी आईही विधवाच की. ती किती पिते?"

"आई दुसऱ्या जिल्ह्यात असते," मेलिस म्हणाला आणि त्याने आक्षेपाच्या रकान्यात 'आकडे मान्य' असं लिहिलं.

बुरुलने कोठीची किल्ली टेबलावर ठेवली. तिकडे बालवाडीत दूधभात चुलीवर होता. तो आता कोणी ढवळायचा, एवढंच तिने विचारलं.